वस्तादाच्या हातात नेमकं काय असतं?

खानदेशात यात्रा म्हटली की कुस्त्यांची दंगल आलीच. तापीकाठ असो, गिरणेचं खोरं असो की पांझरेकडची गावं, दुपार कलली की हलगी घुमायला लागते. आधी रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्या होतात, मग मोठ्या पहिलवानांच्या जोड्या लागतात. त्यात एखादी जोड अशी असते की एकीकडे पंचविशीतला, दंडाच्या बेडक्या फुगलेला गडी आणि समोर चाळिशी ओलांडलेला, अंगानं बेताचाच पहिलवान. खडाखडी चालते, तरणा गडी रेटत राहतो आणि कुणाला काही कळायच्या आत तोच अस्मान बघतो. कडेला बसलेले म्हातारे मान हलवतात : ‘त्याना हातमा काहीतरी शे.’

हे ‘काहीतरी’ जगभरच्या युद्धकलांना ठाऊक आहे. चिनी परंपरेत त्याला ‘ची’ म्हणतात, जपानी परंपरेत ‘की’, योगात प्राण आणि तालमीत नुसतं ‘दम’. ज्यांनी वस्तादाच्या पकडीत स्वतःचं मनगट एकदा तरी दिलं आहे, त्यांना तो अनुभव खरा असल्याचं सांगावं लागत नाही. प्रश्न एवढाच की शरीरात अशी कुठली वेगळी शक्ती साठलेली असते का?

आधी हिशेब मांडू. 80 किलोचा गडी एक मीटर उचलायला सुमारे 780 ज्यूल (ज्यूल म्हणजे ऊर्जेचं माप) एवढं काम करावं लागतं. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा-पाचवा हिस्साच कामी लावतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे खर्च झाला साडेतीन-चार हजार ज्यूल. आता कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, एक भाकरी घ्या. तिच्यात निदान 150 किलोकॅलरी, म्हणजे 6 लाख ज्यूलच्या वर ऊर्जा असते. कागदावर पाहिलं तर एका भाकरीवर तोच गडी दीडशे वेळा उचलता येईल! कुस्ती हरणारा माणूस ऊर्जा कमी पडली म्हणून हरत नाही. त्याची ऊर्जा हव्या त्या क्षणी, हव्या त्या ठिकाणी पोचत नाही, म्हणून तो हरतो. वस्तादाचं सगळं कौशल्य या पोचवण्यात आहे, असं मला वाटतं, आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांतलं संशोधन त्याच बाजूला बोट दाखवतं.

स्नायू हा एकसंध दोर नसतो. त्याचे तंतू गटागटांनी वाटलेले असतात आणि प्रत्येक गट मज्जारज्जूतल्या एकेका चेतापेशीच्या हुकमात असतो. जोर लावताना आधी लहान गट कामाला लागतात, गरज वाढेल तसे मोठे. नवशिक्याला सगळ्यात मोठे, वेगवान गट एकदम जागे करता येत नाहीत. शिवाय तो घाईत उलट्या बाजूचे स्नायूही आवळून बसतो. हात सरळ करायचा असतो, पण कोपर वाकवणारा स्नायूही ताठ! स्वतःशीच कुस्ती खेळण्यात त्याचं निम्मं बळ जातं. तालमीत नव्या पोराच्या अंगात पहिल्या महिना-दीड महिन्यातच रग येते, दंड मात्र तेवढेच दिसतात, हे प्रत्येक वस्तादानं पाहिलेलं असतं. 1979 मध्ये मोरितानी आणि डीव्हराइस या संशोधकांनी हेच मोजून दाखवलं : सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारं बळ मुख्यतः चेतासंस्थेच्या सुधारणेतून येतं, स्नायू जाड व्हायला नंतर लागतात.

यातला सगळ्यात चकित करणारा प्रयोग 1992 चा, युए आणि कोल यांचा. त्यांनी काही जणांना चार आठवडे करंगळी बाजूला ताणण्याचा व्यायाम दिला. दुसऱ्या गटानं तोच व्यायाम फक्त मनात करायचा होता, बोट हलवायचं नाही. खरा व्यायाम करणाऱ्यांचं बळ 30 टक्के वाढलं आणि मनात करणाऱ्यांचं 22 टक्के! स्नायूला काडीचंही काम पडलं नव्हतं. वाढला होता तो मेंदूकडून निघणारा हुकूम. ‘आतली शक्ती’ या शब्दांना विज्ञानात कुठे जागा असेल, तर ती इथे आहे.

मग येतो वेळेचा मेळ. 2012 मध्ये लंडनच्या संशोधकांनी कराटेतले 12 ब्लॅक बेल्ट आणि तेवढेच तंदुरुस्त पण कराटे न शिकलेले लोक घेतले आणि त्यांना जेमतेम 5 सेंटिमीटर अंतरावरून ठोसा मारायला सांगितलं. अनुभवी लोकांचा ठोसा जास्त जोराचा होता आणि त्याचा संबंध खांदा व मनगट यांचा वेग किती अचूक वेळी शिगेला पोचतो याच्याशी होता. मेंदूच्या स्कॅनमध्ये त्यांच्या लहान मेंदूतल्या, म्हणजे हालचालींचा मेळ सांभाळणाऱ्या मागच्या भागातल्या, जोडतंतूंची रचनाही वेगळी दिसली. गोफण फिरवणाऱ्याला हे पटकन समजेल. दगड लांब जातो तो दोरी सोडायच्या क्षणामुळे, दंडाच्या जाडीमुळे नव्हे. ढाक मारताना, म्हणजे समोरच्याला कंबरेवरून फेकतानाही, पायाची टाच, कंबर, पाठ, खांदा अशी साखळी चालते, आणि एक कडी क्षणभर आधी किंवा नंतर आली की डाव फसतो.

याच्या जोडीला सैल राहणं येतं. कॅनडातल्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी नामवंत मिश्र युद्धकला (एमएमए) खेळाडूंच्या स्नायूंतले विद्युतसंकेत 2010 मध्ये नोंदवले. फटक्याच्या सुरुवातीला स्नायू आवळले जात होते, मधल्या प्रवासात सैल पडत होते आणि नेमक्या आघाताच्या वेळी पुन्हा आवळले जात होते. सैल हात वेगात जातो, शेवटचा ताठपणा सगळ्या देहाचं वजन त्यामागे उभं करतो. ‘अंग ढिलं सोड’ हे वस्तादाचं ओरडणं किती अचूक आहे, ते या आलेखात दिसतं. आणि ताठ होण्यापेक्षा सैल होणं शिकायला किती तरी जास्त वर्षं जातात.

आता मनगटाच्या त्या पकडीकडे येऊ. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा, लागतात. हातावर अचानक ताण आला तर मात्र स्नायूचा प्रतिसाद 50 ते 100 मिलिसेकंदांतच सुरू होतो. अंगाला अंग भिडलेलं असताना स्पर्श नजरेपेक्षा निदान दुप्पट वेगानं बोलतो. त्यातही गंमत अशी की हा झटपट प्रतिसाद मनात आधी काय ठरवलं आहे, धरून ठेवायचं की सोडायचं, त्यानुसार बदलतो. म्हणून मुरलेला पहिलवान नजर कुठेही ठेवून समोरच्याच्या मानेवर नुसता हात टेकवतो आणि वजन कुठल्या पायावर सरकतंय हे त्याला कळतं. आपण हात उचलायच्या आधीच पाठीचे आणि पायांचे स्नायू तोल सावरायला आवळले जातात. समोरचा गडी पट काढायच्या, म्हणजे पाय धरून पाडायच्या, बेतात आहे, ही बातमी त्याच्या कंबरेनं केव्हाच फोडलेली असते.

मॉस्कोत 1920 च्या दशकात निकोलाय बर्नश्टाइन यांनी हातोडा चालवणाऱ्या कामगारांच्या हालचाली कॅमेऱ्यात टिपल्या. हातोड्याचं टोक दर वेळी जवळपास एकाच वाटेनं जात होतं, पण खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोडं वेगळं वागत होतं. सरावलेलं शरीर एकच हालचाल पाठ करत नाही, तेच काम नव्या रीतीनं पुन्हा पुन्हा सोडवतं. एकच डाव दहा वेगवेगळ्या अंगांच्या गड्यांवर करायला लावणारा वस्ताद बर्नश्टाइन न वाचताच तिथे पोचलेला असतो.

श्वासाचंही थोडं. जोर लावताना हुंकार दिला की पोटातला दाब वाढतो आणि कण्याला आधार मिळतो. मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास घेतला तर हृदयाची लय आणि रक्तदाब यांची जुळणी सुधारते, हे इटलीतल्या संशोधकांनी मंत्र आणि जपमाळेची प्रार्थना म्हणणाऱ्यांवर 2001 मध्ये मोजलं. ध्यानात तळवे गरम होतात ते कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावल्यामुळे.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण याच शब्दांवर बाजारही मांडला जातो, आणि त्याची मला चीड येते. न शिवता शिष्यांना आडवं पाडणारे गुरू व्हिडिओंत दिसतात. शिष्य खरंच पडतात, कारण पडायचं असतं हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. 2017 मध्ये चीनच्या चेंगदू शहरात ताईची ही संथ हालचालींची चिनी युद्धकला शिकवणारे वेई लेई मिश्र युद्धकलेच्या शू शियाओदोंग यांच्यासमोर उभे राहिले आणि काही सेकंदांतच लढत संपली. यानं ताईची खोटी ठरत नाही, म्हाताऱ्या माणसांचं पडणं तिच्या सरावानं कमी होतं हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. पण पूर्ण ताकदीनं विरोध करणाऱ्या गड्यावर जे कधी तपासलंच नाही, ते दंगलीत टिकत नाही.

स्नेहसंमेलनात कौलं फोडणाऱ्या मुलांचंही तसंच. 1979 मध्ये मायकेल फेल्ड आणि सहकाऱ्यांनी कराटेच्या फटक्यांचं मोजमाप प्रसिद्ध केलं. तरबेज हाताचा वेग सेकंदाला 10 ते 14 मीटर भरला. टोकांवर टेकवलेलं कौल फटक्यानं वाकतं, त्याची खालची बाजू ताणली जाते आणि असा ताण अशा ठिसूळ पदार्थांना सोसत नाही. हाताचं हाड त्याहून कितीतरी चिवट असतं. मात्र कौल डोक्यानं फोडायला लावणारा वर्ग दिसला तर मुलाला तिथून काढून घ्या. कवटी टिकली तरी आतला मेंदू हिंदकळतो.

तालमींसाठी यातून कामाची गोष्ट एकच सांगतो. 2014 मध्ये अमेरिकेत निरोगी लोकांचं मनगट चार आठवडे प्लास्टरमध्ये ठेवून पाहिलं. नुसतं प्लास्टर असलेल्यांचं बळ सुमारे 45 टक्के घटलं. ज्यांनी त्या काळात नेमानं मनातल्या मनात मनगट आवळण्याचा सराव केला, त्यांचं 24 टक्क्यांच्या आसपासच घटलं. तेव्हा हात मोडलेल्या पोराला घरी बसवू नका. रोज हौदाच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेला बसवा, समोरची जोड बघू द्या आणि प्रत्येक डाव त्याच्याकडून मनात, पूर्ण जोर लावून करून घ्या.