7 हत्ती, 20 नौका आणि एक सम्राट

1,000 गावांचा सारा, पहाऱ्याला 5,000 शिपाई, 7 हत्ती आणि 20 राजनौका. 1599 मध्ये व्हिएतनामच्या ले सम्राटाला बांधून दिलेली ही नेमणूक. बांधून देणारा होता त्रिन्ह तुंग, म्हणजे कागदोपत्री सम्राटाचाच चाकर! फौज, खजिना, अधिकाऱ्यांच्या नेमणुका, सगळं त्याच्या हातात.

सम्राट तो 'वुआ', त्रिन्ह सरदार तो 'चुआ'. गादीसारखंच चुआपदही बापाकडून मुलाकडे जाई. 1718 मध्ये त्रिन्ह कुओंगने आपल्या वाड्यावर सहा खाती उघडली. सम्राटाच्या दरबारात सहा मंत्रालयं आधीपासून होतीच. ती कोणी मोडली नाहीत. फक्त खरं काम तिकडून इकडे आलं.

मग त्रिन्ह स्वतःच गादीवर का बसले नाहीत? निष्ठा वगैरे बाजूला ठेवू, कारण 1573 मध्ये याच तुंगने एका सम्राटाला मारवलं होतं आणि 1619 मध्ये दुसऱ्याला आत्महत्या करायला लावली. त्या दुसऱ्याच्या जागी बसवलेला मुलगा, ले थान तोंग, तुंगच्याच मुलीचा मुलगा. पुढे त्याने 1643 मध्ये गादी मुलाला दिली. मुलगा 1649 मध्ये वारला तेव्हा बाप पुन्हा गादीवर!

खरं कारण हिशेबाचं आहे. ले घराण्याच्या मूळ पुरुषाने 1427 मध्ये चिनी मिंग फौजा हाकलल्या होत्या, त्या नावाला लोकांत वजन होतं. 1527 मध्ये माक घराण्याने गादी थेट बळकावली आणि विरोधकांना आयतं निमित्त मिळालं: ले घराण्याला परत आणा. याच घोषणेवर त्रिन्ह मोठे झाले, 1592 मध्ये त्यांनी राजधानी थांग लाँग, आजचं हनोई, जिंकून घेतली. त्यांनी मुकुट उचलला असता तर तीच घोषणा दक्षिणेच्या न्गुयेन सरदारांनी त्यांच्यावर उलटवली असती. न्गुयेनही स्वतःला ले सम्राटाचे सेवकच म्हणवत. 1627 ते 1672 या काळात दोघे एकमेकांशी पुन्हा पुन्हा लढले, आणि दोघेही एकाच सम्राटाच्या नावाने.

या व्यवस्थेत माणूस कसा जगत असेल? ले हिएन तोंग 1740 पासून 46 वर्षं गादीवर होता. 1771 मध्ये चुआने त्याच्या युवराजाला तुरुंगात मारलं, तरी हा गप्प. राजवाड्यातल्या दासींना लढाईचे पोशाख चढवून तो त्यांच्याकडून प्राचीन चीनमधल्या तीन राज्यांच्या लढाया खेळवून घेई, असं सांगतात. चिंता चुआने वाहायची, मजा आपण करायची. चुआ गेला तर चिंता आपल्या गळ्यात पडेल, असंही तो म्हणे.

1786 मध्ये चुआ खरोखरच गेला. न्गुयेन हुएच्या (हा त्या न्गुयेन सरदारांपैकी नव्हे) ताय सोन बंडखोरांनी त्रिन्हांची सत्ता मोडली. हिएन तोंग त्याच वर्षी वारला आणि त्यानंतर तीन वर्षांच्या आत ले घराण्याचं राज्यही संपलं.