फोन फॉरमॅट मारायच्या आधी एकदा सेफ मोडमध्ये बघा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"फोन सारखा हँग होतोय, फॉरमॅट मारून द्या." फोन आमच्याकडे येतो तो बहुतेक वेळा निदान आधीच ठरवून. फॉरमॅट मारणं आम्हाला काहीच अवघड नाही. त्रास तुम्हाला होतो: चॅट, ॲपमधले हिशेब, बँकेच्या ॲपची नोंदणी, सगळं नव्याने मांडत बसावं लागतं. आणि इतकं करूनही जुनी ॲप परत टाकली की आठवड्याभरात तेच दुखणं पुन्हा सुरू होतं, कारण दुखणं त्या ॲपपैकीच एकात असतं.

ते ॲपमध्ये आहे की फोनमध्ये, हे घरच्या घरी ओळखण्याची सोय अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून आहे. तिचं नाव सेफ मोड. ही सोय तपासणीसाठी आहे, तिने फोन आपोआप बरा होणार नाही. पण बिघाड कुठे शोधायचा ते कळलं की निम्मं काम झालं.

सेफ मोडमध्ये नेमकं काय होतं

या मोडमध्ये फोन सुरू करताना फक्त कंपनीने फोनसोबत दिलेली ॲप चालू ठेवतो. तुम्ही नंतर टाकलेली सगळी ॲप तात्पुरती बंद राहतात. ती पुसली जात नाहीत, त्यांतली माहितीही जागेवर असते. फक्त त्यांची चिन्हं फिकट पडतात किंवा दिसेनाशी होतात. फोटो, संपर्क, मेसेज यांना धक्का लागत नाही. फोन पुन्हा साध्या पद्धतीने सुरू केला की सगळं पूर्ववत.

काही गोष्टी बदललेल्या दिसतील, त्याने घाबरून जाऊ नका. तुम्ही वेगळा कीबोर्ड वापरत असाल तर कंपनीचा मूळ कीबोर्ड येईल. होम स्क्रीन सजवणारं लाँचर टाकलं असेल तर मूळ होम स्क्रीन येईल. विजेट (होम स्क्रीनवर मांडलेले घड्याळ, हवामान असे चौकोन) मात्र बाहेर आल्यावरही कधीकधी परत येत नाहीत, पुन्हा मांडावी लागतात. म्हणून आत जाण्याआधी होम स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. काही फोनांत विमान मोड आपोआप चालू होतो. नेटवर्क गेलं म्हणून गडबडू नका, वरची पट्टी खाली ओढून तो बंद करा.

आत जाण्याआधी दोन गोष्टी

पहिली, फोनचा पिन किंवा पॅटर्न आठवतोय ना, याची खात्री करा. रोज बोटाने किंवा चेहऱ्याने उघडणाऱ्यांना तो आठवत नाही, आणि फोन रिस्टार्ट झाला की पहिल्यांदा तोच विचारला जातो. सिमला वेगळा पिन लावला असेल तर तोही.

दुसरी, सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेलं कुठलंच ॲप काम करत नाही. औषधाच्या वेळा सांगणारं, साखर मोजणाऱ्या यंत्राला जोडलेलं किंवा अलार्मचं वेगळं ॲप असेल, तर तेही गप्प राहील. फोनसोबत आलेलं घड्याळ वाजेल, पण एवढ्यावर विसंबू नका. ज्यांची तब्येत अशा ॲपवर अवलंबून आहे त्यांनी ही तपासणी थोडक्यात आटोपावी किंवा त्या वेळेपुरती दुसरी सोय करावी.

आत कसं जायचं

बहुतेक फोनांत पॉवर बटण दाबून धरलं की पॉवर ऑफ आणि रिस्टार्टचा मेनू येतो. त्यातल्या पॉवर ऑफवर नुसतं टेकवू नका, बोट दाबून धरा. सेफ मोडमध्ये सुरू करायचं का, असं विचारलं जाईल, त्याला होकार द्या. २०१२ साली आलेल्या अँड्रॉइड ४.१ पासून ही पद्धत आहे, त्यामुळे जुन्या फोनांतही चालते.

नव्या फोनांत गंमत अशी की पॉवर बटण दाबून धरलं तर मेनूऐवजी बोलणारा सहायक हजर होतो. गूगलच्या पिक्सेल फोनांत मग पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबायचं. सॅमसंगमध्ये बाजूचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून थोडं धरायचं. पटकन सोडलं तर नुसता स्क्रीनशॉट निघतो, आणि फार वेळ धरलं तर फोन जबरदस्तीने रिस्टार्ट होतो. मेनू दिसला की बोटं काढा.

मेनूत सेफ मोड कुठेच दिसत नसेल किंवा टचच काम करत नसेल, तर फोन पूर्ण बंद करा. पॉवर बटणाने सुरू करा आणि कंपनीचं नाव स्क्रीनवर उमटलं की आवाज कमी करायचं बटण दाबून धरा. फोन पूर्ण सुरू होईपर्यंत सोडायचं नाही. जमलं की स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात, बहुतेक डावीकडे, सेफ मोड अशी अक्षरं कायम दिसत राहतात. ती दिसत नसतील तर तुम्ही सेफ मोडमध्ये नाही आहात, पुन्हा करून बघा.

इथे एक इशारा. बंद फोन पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून सुरू केला, तर पुष्कळ फोनांत काळ्या पडद्यावर इंग्रजी यादी येते. तो रिकव्हरी मोड. सेफ मोडशी त्याचा काही संबंध नाही, आणि त्या यादीत फोन पूर्ण पुसून टाकणारा पर्यायही असतो. चुकून तिथे पोचलात तर फोन रिस्टार्ट करण्याचा पर्याय, जो बहुधा सगळ्यात वर असतो, तोच निवडा. बाकी कशालाही हात लावू नका.

कार्यालयाने दिलेल्या फोनात सेफ मोड मुद्दाम बंद केलेला असू शकतो. तिथे खटपट न करता तुमच्या संगणक विभागाला विचारा. आणि आयफोनमध्ये असा मोडच नाही. तिथे आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, आवाज कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण सफरचंदाचं चिन्ह येईपर्यंत धरून ठेवा. एवढा जबरदस्तीचा रिस्टार्ट करता येतो. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या मॉडेलांना ही पद्धत लागू आहे.

आत गेल्यावर काय बघायचं

इथेच बहुतेकांची घाई होते. दोन मिनिटं फोन चाळून "हो, आता बरा चालतोय" म्हणण्यात अर्थ नाही. तुमची तक्रार जितक्या वेळाने डोकं वर काढते, निदान तितका वेळ फोन सेफ मोडमध्ये राहू द्या. दिवसातून एकदा आपोआप बंद पडणारा फोन दिवसभर तरी तपासायला हवा. टाइप करताना अक्षरं उशिरा उमटण्याची तक्रार असेल तर मात्र पाच मिनिटं पुरतात. मूळ कीबोर्डवर एक लांबलचक मेसेज लिहून बघा. बोटांबरोबर अक्षरं पळू लागली तर दोष बाहेरच्या कीबोर्डचा, किंवा पार्श्वभूमीत फोन दमवणाऱ्या दुसऱ्या एखाद्या ॲपचा.

कॉल चालू असताना स्क्रीन काळी पडते आणि कानापासून दूर नेली तरी उजळत नाही, हीसुद्धा नेहमीची तक्रार. सेफ मोडमध्ये घरातल्याच कुणाला कॉल लावा. तरीही तसंच झालं तर आधी वरच्या भागातली काच आणि स्क्रीन गार्ड बघा. जवळचं ओळखणारा सेन्सर तिथेच असतो आणि मळलेल्या किंवा सरकून बसलेल्या गार्डमागे तो फसतो. पुष्कळदा गार्ड काढला की काम भागतं.

बॅटरीच्या बाबतीत थोडं सबुरीने घ्या. अर्धीअधिक ॲप बंद असताना कुठलाही फोन जास्तच टिकणार. त्यामुळे "सेफ मोडमध्ये बॅटरी चांगली चालली" एवढ्यावरून ॲपवर ठपका ठेवता येत नाही. उलट दिशेने मात्र ही खूण पक्की आहे: सगळी ॲप बंद असूनही चाळीस टक्क्यांवरून एकदम दहावर उतरत असेल, किंवा नुसता टेबलावर पडून गरम होत असेल, तर ॲपचा शोध थांबवा आणि फोन दाखवायला आणा. पाठ फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावूच नका, सेफ मोडची तपासणीही नको.

बिघाड थांबला, मग पुढे?

म्हणजे दोषी तुम्ही टाकलेल्या ॲपपैकीच कुणीतरी. सर्वांत नव्यापासून सुरुवात करा, पण "मी काहीच नवीन टाकलं नाही" हे आम्हाला रोज ऐकू येतं आणि ते खरंही असतं. जुनं ॲपही अपडेटनंतर बिघडतं. डिसेंबर २०२० मध्ये बारकोड वाचायच्या एका ॲपचं असंच झालं. एक कोटीहून जास्त वेळा डाउनलोड झालेलं, वर्षानुवर्षं सरळ चालणारं ॲप एका अपडेटनंतर आपोआप जाहिराती उघडू लागलं. म्हणून प्ले स्टोअरमध्ये तुमच्या ॲपची यादी काढा आणि ती अलीकडे अपडेट झालेल्या क्रमाने लावा. तक्रार सुरू झाली त्या सुमाराची नावं वर दिसतील.

संशयित ॲप एकेक करून काढा. एक काढलं, फोन साध्या पद्धतीने सुरू केला, पाहिलं, मग दुसरं. चार एकदम काढलीत तर फोन सुधारेल, पण कोणामुळे ते कळणार नाही आणि चारही परत टाकाल.

काढण्याआधी त्या ॲपमध्ये काय आहे याचा विचार करा. चॅटच्या ॲपचा बॅकअप घ्या. लॉगिनसाठी सहा आकडी कोड देणारं ॲप असेल तर त्यातली खाती दुसरीकडे हलवल्याशिवाय त्याला हात लावू नका, नाहीतर स्वतःच्याच खात्यांच्या दाराबाहेर उभं राहावं लागेल. सेटिंग्जमध्ये कॅशे साफ करणं आणि डेटा साफ करणं असे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात. कॅशे म्हणजे ॲपने तात्पुरत्या साठवलेल्या फायली, त्या बिनधास्त साफ करा. डेटा साफ केला की ते ॲप अगदी कोरं होतं.

जाहिराती आणि न निघणारी ॲप

फोन उघडला की पूर्ण स्क्रीनभर जाहिरात, बंद केली की दुसरी. असं असेल तर जाहिरात दिसत असतानाच अलीकडची ॲप दाखवणारं बटण दाबा. त्या कार्डावर ज्याचं चिन्ह असेल तोच बहुधा चोर. चिन्ह कोरं किंवा नाव रिकामं असेल तर संशय आणखी बळावतो.

अशी ॲप काढायला गेलं की दोन प्रकारे अडवतात. एक तर अनइन्स्टॉलचं बटण फिकट असतं, किंवा तिथवर पोचताच फोन आपोआप मागच्या पानावर जातो. सेफ मोडचा खरा उपयोग इथे होतो, कारण अडवणारं ॲपच झोपलेलं असतं. सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीतून ते निवांत काढता येतं. तरी बटण फिकटच असेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत डिव्हाइस ॲडमिन (ॲपला फोनवर दिलेला खास अधिकार) शोधा, तिथला त्या ॲपचा अधिकार काढून घ्या आणि मग अनइन्स्टॉल करा. जाताजाता इतर ॲपवर दिसण्याची आणि ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचण्याची आणि तुमच्या वतीने बटणं दाबण्याची) परवानगी कोणाकोणाला दिली आहे तेही बघून घ्या. टॉर्चच्या ॲपला यातलं काहीही लागत नाही.

बँकेचं ॲप असलेल्या फोनात असं काही सापडलं, तर ते काढल्यावर बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला.

बिघाड तसाच राहिला तर

लगेच हार्डवेअर खराब म्हणू नका. कंपनीने दिलेली ॲप सेफ मोडमध्येही चालूच असतात, अपडेटसकट. २२ मार्च २०२१ ला जगभरच्या अँड्रॉइड फोनांत जीमेलसह अनेक ॲप उघडताच बंद पडू लागली होती. कारण होतं सिस्टिम वेबव्ह्यू या फोनमधल्याच भागाचं एक अपडेट. गूगलने वेबव्ह्यू आणि क्रोमची नवी अपडेट दिली आणि प्रश्न मिटला. असा दोष सेफ मोड वेगळा काढून दाखवू शकत नाही. म्हणून आधी फोनची आणि मूळ ॲपची बाकी राहिलेली अपडेट घ्या, फोनमध्ये थोडी जागा मोकळी करा आणि पुन्हा बघा. त्यानंतरही फरक नसेल तर फोन उघडून तपासावा लागेल.

बाहेर येताना

नेहमीसारखं रिस्टार्ट करा, एवढंच. फोन परत परत सेफ मोडमध्येच सुरू होत असेल तर बहुधा आवाज कमी करायचं बटण अडकलेलं आहे. घट्ट कव्हर ते दाबून धरतं, किंवा खिशातली धूळ आत साठते. कव्हर काढून सुरू करा. तरीही तेच झालं तर बटण साफ करून किंवा बदलून घ्यावं लागेल; ते किरकोळ काम आहे.

आमच्याकडे येताना

तक्रार कधीपासून आहे, काय करताना होते, आणि सेफ मोडमध्ये किती वेळ ठेवून काय दिसलं, हे चार ओळींत लिहून आणा. "सेफ मोडमध्ये दिवसभर ठेवला, दोनदा बंद पडला" या एका वाक्याने आमचा तपासणीचा मोठा भाग वाचतो आणि फोन तुम्हाला लवकर मिळतो. कुठली ॲप काढलीत तेही लिहा. पिन मात्र लिहून कव्हरमागे ठेवू नका. गरज पडली तर आम्ही तुमच्यासमोर तुम्हालाच टाकायला सांगू.