डेव्हिस, डिक

(१९४५ – ). इंग्रज कवी, मध्ययुगीन फार्सी साहित्याचे अभ्यासक आणि फार्सी काव्याचे इंग्रजी अनुवादक. जन्म इंग्लंडमधील पोर्टस्मथ येथे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात त्यांनी इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेतले. १९७० मध्ये ते इराणला गेले आणि आठ वर्षे तिथे राहिले. तेहरान विद्यापीठात इंग्रजी शिकवत असतानाच ते फार्सी शिकले. १९७४ मध्ये त्यांचा अफ्खम दरबंदी यांच्याशी विवाह झाला. इराणमध्ये क्रांतीची चिन्हे दिसू लागली तेव्हा, १९७८ मध्ये, दोघांनी देश सोडला. फार्सीची पदवी मात्र त्यांनी बऱ्याच उशिरा मिळवली. मँचेस्टर विद्यापीठाची मध्ययुगीन फार्सी साहित्यातील डॉक्टरेट त्यांना १९८८ मध्ये मिळाली, म्हणजे पहिला मोठा अनुवाद छापून आल्यावर चार वर्षांनी. त्याच वर्षी ते अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात रुजू झाले. फार्सीचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख म्हणून काम करून ते २०१२ मध्ये निवृत्त झाले.

स्थलांतरित कवी म्हटले की परभाषेत लिहिणारा किंवा मायभाषेला पारखा झालेला कवी डोळ्यांसमोर येतो. डेव्हिस यांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी लागू पडत नाहीत. देश दोनदा बदलला तरी त्यांची काव्यभाषा इंग्रजीच राहिली. बदलली ती त्या भाषेची शेजारीण. त्यांच्या घरात फार्सी आली ती संसाराबरोबर; पुढचे सगळे अनुवादकार्य तिथूनच सुरू झाले.

काव्य : क्लाइव्ह विल्मर आणि रॉबर्ट वेल्स या केंब्रिजमधील मित्रांबरोबर १९७० मध्ये त्यांचा एक संयुक्त संग्रह निघाला. ‘इन द डिस्टन्स’ (१९७५) हा त्यांचा पहिला स्वतंत्र संग्रह. ‘सीइंग द वर्ल्ड’ (१९८०) या दुसऱ्या संग्रहाला रॉयल सोसायटी ऑफ लिटरेचरचे हाइनमन पारितोषिक मिळाले. त्यानंतर ‘द कव्हेनंट’ (१९८४), ‘टचवुड’ (१९९६), ‘बिलाँगिंग’ (२००२), ‘अ ट्रिक ऑफ सनलाइट’ (२००६) हे संग्रह आले. निवडक अनुवादांसह समग्र कविता ‘लव्ह इन अनदर लँग्वेज’ या नावाने २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. मुक्तछंदाचा जोर असलेल्या काळात ते सातत्याने वृत्तबद्ध आणि यमकबद्ध लिहीत राहिले. अमेरिकन कवी-समीक्षक आयव्हर विंटर्स यांच्यावर त्यांनी १९८३ मध्ये ग्रंथ लिहिला. संयम, आटोपशीरपणा आणि विधानाची स्पष्टता हे विंटर्सप्रणीत गुण त्यांच्या कवितेतही दिसतात. परकेपणा, वैवाहिक प्रेम आणि मागे राहिलेली घरे हे त्यांचे नेहमीचे विषय. मात्र त्यांची ओळख आज मुख्यतः अनुवादक म्हणूनच आहे.

पक्ष्यांचे संमेलन : फरीदुद्दीन अत्तार (मृत्यू सु. १२२१) याच्या ‘मंतिक-उत-तैर’ या सूफी रूपककाव्याचा डेव्हिस आणि अफ्खम दरबंदी यांनी मिळून केलेला अनुवाद १९८४ मध्ये पेंग्विनने प्रसिद्ध केला. मूळ काव्याची रचना ११७७ च्या सुमारास झाल्याचे सामान्यतः मानले जाते. पक्षी आपला राजा सीमुर्ग याच्या शोधात निघतात. सात दऱ्या पार करून शेवटी उरतात ते तीस पक्षी आणि फार्सीत ‘सी मुर्ग’ म्हणजे ‘तीस पक्षी’. सगळ्या काव्याचा डोलारा असा एका श्लेषावर उभा आहे. इंग्रजीत तो उतरणे अशक्य असल्याने मूळ शब्द ठेवून अर्थ सांगण्यावाचून गत्यंतर नव्हते. उमर खय्यामच्या रुबायांचा इंग्रजी अनुवादक एडवर्ड फिट्सजेरल्ड यानेही या काव्याचा संक्षेप केला होता; तो त्याच्या मृत्यूनंतर १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. डेव्हिस-दरबंदी यांच्या पहिल्या आवृत्तीत प्रारंभीचे स्तवन आणि शेवटचा उपसंहार गाळलेला होता. २०११ च्या सुधारित आवृत्तीत हे भाग आले.

छंदाचा प्रश्न : डेव्हिस यांच्या अनुवादांची चर्चा छंदावाचून अपुरी राहते. अत्तारचे काव्य मस्नवी या प्रकारातले आहे. म्हणजे प्रत्येक द्विपदीतील दोन ओळी आपापसात यमक साधतात आणि पुढील द्विपदीत यमक बदलते. त्याचे वृत्त रमल, मराठी गझलकारांच्या लगावलीत (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) ‘गालगागा गालगागा गालगा’, अकरा अक्षरी. अनुवादकांनी त्यासाठी दशाक्षरी, यमकबद्ध इंग्रजी द्विपदी निवडली. यमकाची रचना हुबेहूब जुळते आणि ओळीची लांबीही जवळपास तेवढीच राहते. फरक वृत्ताच्या पायाचा आहे. फार्सी वृत्त आपल्या अक्षरगणवृत्तांप्रमाणे लघुगुरूंवर, तर इंग्रजी वृत्त आघातावर चालते.

हा फरक मराठी वाचकाला फिर्दौसीच्या ‘शाहनामा’ या फार्सी महाकाव्याच्या उदाहरणाने चटकन कळेल. शाहनाम्याचे वृत्त मुतकारिब : ‘लगागा लगागा लगागा लगा’. ‘ब नाम-ए खुदावंद-ए जान-ओ-खिरद’ (प्राण आणि बुद्धी यांच्या स्वामीच्या नावाने) ही त्याची पहिली ओळ. ‘मना सज्जना भक्तिपंथेंचि जावें’ या चालीवर ती म्हणून पाहिली तर शेवटचे एक गुरू अक्षर तेवढे कमी पडते. म्हणजे फिर्दौसीचे वृत्त हे भुजंगप्रयाताचे शेवटचे अक्षर गाळलेले रूप होय. या साम्यावरून दोन्ही परंपरांचा उगम एक असल्याचे अनुमान काढण्याचा मोह होतो, पण त्यास आधार नाही. लघुगुरूंवर चालणाऱ्या कोणत्याही दोन पद्धतींत यगणाची (लगागा) आवृत्ती स्वतंत्रपणे सुचू शकते. खुद्द मुतकारिबाच्या उगमाबद्दलही मतभेद आहेत. परंपरागत छंदःशास्त्र सर्व फार्सी वृत्ते अरबीतून आली असे धरून चालते. एमिल बेन्व्हेनिस्त यांनी पहलवी (इस्लामपूर्व इराणी भाषा) पद्यातील अकरा अक्षरी ओळीकडे लक्ष वेधून इराणी मुळाची शक्यता मांडली. एल. पी. एल्वेल-सटन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात फार्सी वृत्तव्यवस्था मूलतः स्वतंत्र असून अरबी परिभाषा तिच्यावर मागाहून बसवली गेली, असे प्रतिपादन केले. परिभाषा अरबी आणि ओळीची जडणघडण बव्हंशी देशी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

शाहनामा : फिर्दौसी (सु. ९४०–सु. १०२०) याचे हे महाकाव्य १०१० मध्ये पूर्ण झाले, असे सामान्यतः मानतात. त्यात सुमारे पन्नास हजार द्विपदी आहेत. रुस्तम, सोहराब, जमशेद, फरामर्ज ही मुंबईच्या पारशी घरांतील नावे या काव्यातलीच. वॉर्नर बंधूंचा नऊ खंडांतील पद्यानुवाद १९०५ ते १९२५ या काळात निघाला; रूबेन लेव्ही यांचा गद्य संक्षेप १९६७ चा. डेव्हिस यांनी आधी त्यातील राजपुत्र सियावुशची कथा निर्यमक पद्यात अनुवादित केली (१९९२). पुढे मेज प्रकाशनातर्फे १९९८, २००० आणि २००४ मध्ये तीन सचित्र खंड आले. तेच २००६ मध्ये एका ग्रंथात एकत्र झाले. त्याची विस्तारित आवृत्ती २०१६ ची.

या अनुवादाचा बराचसा भाग गद्यात असून मोक्याच्या जागी पद्य येते. छंदासाठी हट्ट धरणाऱ्या कवीने असे करावे याचे काहींना नवल वाटले. डेव्हिस यांचा आधार इराणी नक्कालांच्या परंपरेचा होता. चहाखान्यात शाहनामा सांगणारा नक्काल कथा गद्यात रंगवतो आणि मध्येच फिर्दौसीच्या ओळी म्हणतो. आपल्याकडील कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावताना असेच करतो. त्यामुळे मराठी वाचकाला हा घाट परका वाटू नये. तरीही मूळ काव्याचा अखंड पद्यप्रवाह इथे तुटतो.

शाहनाम्याची साधने कोणती, हा अभ्यासकांतील जुना वाद आहे. तूसचा अधिपती अबू मन्सूर मुहंमद याच्या आज्ञेवरून ९५७ मध्ये एक गद्य शाहनामा तयार झाला होता. त्याची आज केवळ प्रस्तावना उपलब्ध आहे. फिर्दौसीने मुख्यतः हाच ग्रंथ पद्यात आणला, हे थिओडोर नोल्डेके यांच्यापासून चालत आलेले मत होय. फिर्दौसी स्वतः ‘जुन्या ग्रंथा’चा उल्लेख करतो, तसा दिहकानांच्या, म्हणजे जमीनदार वर्गातील परंपराजाणत्यांच्या, तोंडून ऐकल्याचाही करतो. १९९६ मध्ये एका अमेरिकी प्राच्यविद्या नियतकालिकातील लेखात डेव्हिस यांनी लिखित साधनांवरचा हा भरवसा तपासून पाहिला. ‘जुना ग्रंथ’ हा मध्ययुगीन लेखकांचा अधिकार सांगण्याचा संकेतही असू शकतो, हे त्यांनी दाखवले आणि मौखिक परंपरेकडे कौल दिला. त्याआधी ओल्गा डेव्हिडसन यांनीही मौखिकतेवर भर दिला होता. शाहनाम्याच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक जलाल खालिकी-मुतलक (आठ खंड, १९८८–२००८) आणि महमूद उमीदसालार हे मात्र लिखित आधारावर ठाम राहिले. गद्य शाहनाम्याचा मजकूरच हाती नसल्याने निर्णायक तुलना शक्य होत नाही. आधीचा कवी दकीकी याच्या सुमारे हजार द्विपदी फिर्दौसीने आपल्या काव्यात नाव घेऊन समाविष्ट केल्या आहेत. निदान तेवढ्या भागापुरते तरी लिखित साधन निर्विवाद आहे आणि सध्याचा एकंदर कल लिखित पक्षाकडे अधिक झुकलेला दिसतो.

‘एपिक अँड सिडिशन’ (१९९२) हा डेव्हिस यांचा ग्रंथ कमी वादग्रस्त आणि अधिक मोलाचा आहे. शाहनामा राजसत्तेचा गौरव करतो, हा रूढ समज त्यांनी त्यात खोडून काढला. नालायक राजा आणि त्याहून थोर सरदार, हटवादी बाप आणि बळी जाणारा मुलगा हा ताण त्यांना काव्याच्या मुळाशी दिसतो. सोहराब, सियावुश, इस्फंदियार या तिघांच्या कथा एकामागून एक वाचल्या की हे म्हणणे पटते.

वीस व रामीन : फख्रुद्दीन असद गुर्गानी याने १०५० ते १०५५ च्या दरम्यान इस्फहान येथे रचलेले हे प्रेमकाव्य. डेव्हिस यांचा द्विपदीबद्ध अनुवाद २००८ मध्ये आला. व्लादिमीर मिनोर्स्की यांनी १९४६ पासून लिहिलेल्या लेखांत स्थलनामे आणि घराण्यांच्या आधारे या कथेचा उगम इस्लामपूर्व इराणातील पार्थियन राजवटीच्या काळात नेला. ते मत आता बहुमान्य आहे. म्हातारा राजा, तरुण राणी आणि राजाचा धाकटा भाऊ यांच्या या कथेतूनच युरोपातील त्रिस्तान-इझोल्ड कथा निघाली असावी, असाही एक पक्ष आहे. साम्ये लक्षणीय आहेत, परंतु कथा कोणत्या वाटेने गेली याचा दुवा सापडत नाही.

हाफिज आणि शीराझचे कवी : २००४ मध्ये डेव्हिस यांनी चौदाव्या शतकातील शीराझचा गझलकार हाफिज याचा अनुवाद का करू नये यावर एक निबंध लिहिला आणि २०१२ मध्ये हाफिजच्या अनुवादाचे पुस्तक काढले. ही विसंगती वरवरची आहे. निबंधातील अडचणी त्यांनी नाकारल्या नाहीत, त्या मान्य करूनच काम केले. फार्सीत व्याकरणिक लिंग नाही. प्रियपात्र पुरुष की स्त्री, मानवी की दैवी, की आश्रयदाता राजा, हे हाफिज मोकळे ठेवतो. इंग्रजी अनुवादक संबोधनाच्या आड लपून निभावून नेऊ शकतो. मराठीत तीही सोय नाही. ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ हे क्रियापदच उघड करते.

‘फेसेस ऑफ लव्ह’ या त्या संग्रहात हाफिजसोबत त्याचे दोन समकालीन येतात. एक उपहासकार उबैद जाकानी. दुसरी जहान मलिक खातून ही चौदाव्या शतकातील इंजू घराण्यातील राजकन्या. तिचा दीवान (काव्यसंग्रह) मध्ययुगीन फार्सी कवयित्रींत सर्वांत मोठा असूनही तो १९९५ पर्यंत छापलाच गेला नव्हता. इंग्रजी वाचकांपर्यंत तिला पोहोचवण्याचे श्रेय बव्हंशी डेव्हिस यांना जाते. फार्सी कवयित्रींच्या हजार वर्षांच्या काव्याचा ‘द मिरर ऑफ माय हार्ट’ (२०१९) हा संग्रह त्याच धाग्याने पुढे आला. निजामीच्या ‘लैला मजनू’चा अनुवाद २०२० चा.

गद्यानुवाद : इरज पेजेशकजाद यांची ‘माय अंकल नेपोलियन’ ही लोकप्रिय विनोदी कादंबरी त्यांनी १९९६ मध्ये इंग्रजीत आणली. जगातील प्रत्येक कटामागे इंग्रजांचाच हात पाहणाऱ्या म्हाताऱ्याची ही गोष्ट. ती एका इंग्रजानेच अनुवादित करावी, हे त्या म्हाताऱ्याला कळते तर त्याची खात्रीच पटली असती. नतालिया गिंझबुर्ग यांच्या दोन इटालियन पुस्तकांचे अनुवादही त्यांच्या नावावर आहेत (१९८५, १९८६).

मराठीतील समांतर काम माधव ज्यूलियन यांचे. फार्सी-मराठी कोश (१९२५) करणाऱ्या या कवीने खय्यामच्या रुबायांचे मराठीकरण १९२९ मध्ये थेट फार्सीवरून केले, तर १९३१ मधील ‘द्राक्षकन्या’ फिट्सजेरल्डच्या इंग्रजीवरून केली. मूळ आणि अनुवाद या दोहोंचे वेगवेगळे अनुवाद एकाच कवीने करण्याचे हे उदाहरण दुर्मीळ म्हणावे लागेल. फिट्सजेरल्डच्या रुबायांच्या पेंग्विन आवृत्तीला (१९८९) डेव्हिस यांनी प्रस्तावना लिहिली आहे.