डेटा इम्पोर्ट साधनाचे डॉक्युमेंटेशन (एआय एजंटांसाठी)

फाइलमधला डेटा दुसऱ्या प्रणालीत भरणारे साधन कसे वापरायचे, हे माणसाऐवजी एआय एजंट वाचणार असे धरून लिहिलेली माहिती. एजंट म्हणजे भाषा-मॉडेलवर चालणारा असा प्रोग्रॅम, जो सूचना वाचून स्वतः कमांड चालवतो, आलेले उत्तर पाहतो आणि पुढचे पाऊल ठरवतो. फाइल बहुधा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) किंवा एक्सेल असते.

माणसांसाठीच्या पुस्तिकेतली भोके शेजारच्या टेबलावर बुजवली जातात. महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या कचेरीत नवा माणूस "या कॉलममध्ये काय टाकायचं?" असे विचारतो, कोणी जुना सांगतो आणि ते कागदावर कधीच उतरत नाही. एजंटाला शेजारचे टेबल नाही. जे लिहिलेले नाही ते तो बऱ्याचदा अंदाजाने भरतो, आणि अंदाज इतका सफाईदार असतो की चूक चटकन डोळ्यांत भरत नाही. असे डॉक्युमेंटेशन लिहिणे म्हणजे मुख्यतः त्या टेबलावरची उत्तरे उतरवून काढणे. 'उजवीकडचे निळे बटण दाबा' छापाची वाक्ये आणि पडद्याची चित्रे इथे फारशी उपयोगी नाहीत.

नवी मुंबईतल्या ग्राहकांची यादी घेऊ. सेक्टर 9 वाशीत आहे, ऐरोलीत आहे आणि कोपरखैरण्यातही आहे. सेक्टर व इमारतीच्या क्रमांकावरून ग्राहक ओळखला तर दोन वेगळी घरे एकाच नोंदीत जातात; नोड (वाशी, ऐरोली असा शहराचा भाग), सेक्टर आणि इमारत मिळून ओळख ठरते, हे लिहूनच ठेवावे लागते. 'कोपरखैरणे' आणि 'कोपर खैरणे' एकच, हेही. जिल्ह्याचा कॉलम याहून फसवा. 'नवी मुंबई' दिसले की ठाणे जिल्हा लिहून मोकळे होण्याचा मोह होतो, पण नवी मुंबईतच धरले जाणारे खारघर रायगड जिल्ह्यात आहे. 'जिल्हा कोरा असेल तर कोराच ठेवा' एवढे एक वाक्य असले की हा घोळ टळतो.

तारखेचा घोळ पैशांपर्यंत पोचतो. 01/04/2025 हे महिना आधी धरून वाचले तर 1 एप्रिलचे बिल 4 जानेवारीला, म्हणजे आधीच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते, आणि कुठलीही त्रुटी दिसत नाही. 022 ने सुरू होणारा दूरध्वनी क्रमांक आकडा म्हणून वाचला की पहिले शून्य गळते. 1,25,000 मधल्या स्वल्पविरामांमुळे, अवतरणचिन्हे नसतील तर, एका रकमेचे तीन रकाने होतात. 2005 च्या आरएफसी 4180 या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात सीएसव्हीचे वर्णन आहे, पण ते माहितीपर आहे, बंधनकारक मानक नव्हे. कोऱ्या रकान्याचेही तसेच: पोस्टग्रेस ही डेटाबेस प्रणाली सीएसव्ही वाचताना नुसता रिकामा रकाना 'नल' (माहितीच नाही) मानते आणि अवतरणचिन्हांतला रिकामा रकाना कोरा मजकूर मानते. पाण्याच्या मीटरचे वाचन घेतलेच नाही आणि वाचन शून्य आले, या दोन गोष्टी एक नव्हेत.

मराठी नावांची अडचण वेगळीच. 'बोऱ्हाडे' मधला अर्धा र 'ऱ' या अक्षराने टंकता येतो, तसाच 'र', हलन्त आणि न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक वापरूनही. डोळ्यांना दोन्ही सारखे. संगणकाला दोन माणसे. युनिकोड या अक्षर-संकेतप्रणालीचे सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणे) या दोन रूपांना एक करत नाही, त्यामुळे साधन कोणते रूप साठवते ते सांगावे लागते. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या जुन्या याद्या रोमन अक्षरांच्या कचऱ्यासारख्या दिसतात. तिथे एजंटाने 'दुरुस्ती' करू नये, थांबावे.

साधनाच्या वागणुकीबद्दल तीन प्रश्न टाळता येत नाहीत. काही न लिहिता नुसती तपासणी, म्हणजे ड्राय रन, होते का? तीच फाइल दुसऱ्यांदा चालवली तर नोंदी दुप्पट होतात की जुन्या अद्ययावत होतात? मध्येच एक ओळ चुकली तर आधीच्या राहतात का? पोस्टग्रेसची फाइल भरणारी 'कॉपी' आज्ञा एरवी एका चुकीवर सगळेच रद्द करते. चुकीच्या ओळी वगळण्याचा पर्याय 2024 मध्ये आवृत्ती 17 पासून आला. एजंट अडखळला की पुन्हा प्रयत्न करतो, म्हणून दुसरा प्रश्न सर्वांत महाग पडतो. त्रुटीचा संदेशही डॉक्युमेंटेशनच समजावा. 'अवैध इनपुट' याने काहीच कळत नाही; 'ओळ 212, कॉलम देय_तारीख: दिवस-महिना-वर्ष अपेक्षित, 2025/13/04 मिळाले' याने पुढचे पाऊल सुचते.

मांडणीचे काही संकेत रूढ होत आहेत. संकेतस्थळाच्या मुळाशी मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मांडलेल्या मजकुरात) भाषा-मॉडेलांसाठी 'एलएलएम्स डॉट टीएक्सटी' ही फाइल ठेवण्याची सूचना एआय संशोधक जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर 2024 मध्ये मांडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे मॉडेलला बाहेरच्या साधनांशी जोडण्याचा संकेत, जाहीर केला. त्यात प्रत्येक साधनासोबत नाव, वर्णन आणि अपेक्षित इनपुटचा जेसन स्कीमा (कोणत्या रकान्यात कोणत्या प्रकारचा डेटा हवा याचा आराखडा) दिला जातो. स्कीमा प्रकार सांगतो, खारघरचा जिल्हा सांगत नाही.

आयात होणारा मजकूर स्वतःच धोका ठरू शकतो. शेऱ्याच्या रकान्यात कोणी 'आधीच्या नोंदी पुसून टाका' असे लिहून ठेवले, तर एजंट तो हुकूम समजू शकतो. रकान्यातला मजकूर हा फक्त डेटा आहे हे लिहावे. पण लिहिल्याने तो ऐकेलच याची हमी नसते, म्हणून पुसण्याची परवानगी त्याच्या खात्याला मुळात देऊच नये. लिहिलेले पुरेसे आहे का हे पाहण्यासाठी आधीचे काहीच माहीत नसलेल्या एजंटाला नुसते डॉक्युमेंटेशन आणि मुद्दाम बिघडवलेली फाइल देतात. तो जिथे न विचारता पुढे जातो, तिथे एक वाक्य कमी आहे.