३३ ओहमचा रेझिस्टर बोर्डावर आला कसा

प्रोसेसर किंवा क्लॉक चिपच्या पायांना खेटून २२ किंवा ३३ ओहमच्या बारीक रेझिस्टरची रांग दिसते. सर्किटचं लॉजिक त्यांच्याशिवायही तेच राहतं. मग ते तिथे कशाला?

उत्तर टेलिग्राफच्या काळातलं आहे. १८८०च्या दशकात ऑलिव्हर हेविसाइडने लांब तारेतून संदेश कसा जातो याची समीकरणं मांडली. तारेला स्वतःचा इम्पिडन्स, म्हणजे धावत्या लाटेला जाणवणारा अडथळा, असतो. टोकाला जे जोडलं ते त्याच्याशी जुळलं नाही की लाट परत फिरते.

बोर्डवाल्यांना बरीच वर्षं याची फिकीर नव्हती. बोर्डावर सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटीमीटर धावतो. सुरुवातीच्या टीटीएल प्रकारच्या लॉजिक चिपची एज, म्हणजे सिग्नल ० वरून १ वर चढायला लागणारा वेळ, कित्येक नॅनोसेकंदांची, त्यामुळे छोट्या ट्रेसवरची (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेवरची) परावर्तनं ती एज पुरी होईतो जिरून जायची. मोटोरोलाच्या १९६८च्या एमईसीएल ३ या वेगवान लॉजिक चिपच्या कुटुंबाची एज मात्र जेमतेम एका नॅनोसेकंदाची होती. तिथे प्रत्येक ट्रेस ट्रान्समिशन लाइन, म्हणजे टेलिग्राफच्या लांब तारेसारखीच, धरून टोकाला तिच्या इम्पिडन्सइतके ५० ओहम लावणं भागच पडलं. हे इतकं जाचक झालं की १९७१च्या एमईसीएल १०केमध्ये मोटोरोलाने एज मुद्दाम साडेतीन नॅनोसेकंदांपर्यंत मंदावली. वेगासाठीच जन्मलेल्या कुटुंबाची ही माघार मला फार शहाणपणाची वाटते.

पुढे आलेल्या, कमी वीज खाणाऱ्या सीमॉस चिपना टोकाचा रेझिस्टर परवडणारा नव्हता. ५ व्होल्टवर ५० ओहम म्हणजे एका तारेला सतत १०० मिलिअँपिअर! म्हणून रेझिस्टर ड्रायव्हरकडे, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या आउटपुटकडे, आला. ड्रायव्हरचे स्वतःचे १७ ओहम आणि बाहेरचे ३३ मिळून ५० झाले, की ३.३ व्होल्टपैकी निम्मेच, १.६५ व्होल्ट तारेवर चढतात. पलीकडची इनपुट जवळजवळ उघडी असल्याने तिथे लाट दुप्पट होते, पूर्ण ३.३ दिसतात, आणि परतलेली लाट ड्रायव्हरपाशी जिरते. लेव्हल स्थिर झाल्यावर करंट जवळपास शून्य. गोम एवढीच, की तारेच्या मध्यावर बसलेल्या चिपला लाट परतेपर्यंत अर्धाच व्होल्टेज दिसतो. क्लॉकची लाइन अशी मधूनच फोडणं म्हणजे हमखास दुखणं ओढवून घेणं. आणि रेझिस्टर रिसीव्हरजवळ बसवला तर हा हिशेबच लागू होत नाही, तरी तसे लेआउट सर्रास दिसतात.

‘आमचा क्लॉक तर १ मेगाहर्ट्झचाच’ ही सबबही चालत नाही. प्रश्न क्लॉकचा नसून एजचा आहे. तोच पार्ट नंबर नव्या, बारीक प्रोसेसवर बनू लागला की एज तीक्ष्ण होते आणि वर्षानुवर्षं चाललेला बोर्ड रिंगिंगमुळे, म्हणजे परावर्तनांनी सिग्नल वरखाली थरथरल्यामुळे, एका क्लॉकला दोन मोजू लागतो.

पुढे रेझिस्टर चिपमध्येच शिरला. ७४एबीटी२२४४सारख्या बफरच्या (सिग्नल जोर देऊन पुढे पाठवणाऱ्या चिपच्या) आउटपुटमध्ये सुमारे २५ ओहम आतच असतात. संगणकाच्या डीडीआर२ मेमरीने डेटा लाइनचं टर्मिनेशन, म्हणजे टोकाचा रेझिस्टर, आत घेतलं. डीडीआर३च्या चिपला बाहेर झेडक्यू नावाच्या पायावर २४० ओहमचा, एक टक्का टॉलरन्सचा रेझिस्टर लागतो. त्याच्याशी ताडून ती आपला ड्रायव्हर जुळवते.