धमनीतलं ब्लॉकेज आणि प्रतिकार पेशी : पार्श्वभूमी

नाशिकमध्ये शरणपूर रोड किंवा कॉलेज रोडवरच्या लॅबमधून लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट हातात पडला, की घरातले सगळे आधी एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा आकडा बघतात. बघायलाच हवा. पण ब्लॉकेज कसं तयार होतं, याचं अर्धं उत्तर त्या कागदावर नसतं. ते आपल्याच पांढऱ्या पेशींमध्ये आहे, आणि ते सर्वमान्य व्हायला शंभरहून अधिक वर्षं गेली.

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८५०च्या दशकातच धमनीच्या भिंतीतला हा बिघाड म्हणजे दाह (इन्फ्लमेशन) आहे असं मांडलं होतं. पुढे १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला आनिच्कोव आणि खलातोव या रशियन शास्त्रज्ञांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातलं. धमन्यांत चरबीचे थर दिसले आणि त्यात चरबीने टम्म फुगलेल्या पेशीही दिसल्या. पण नंतरची कित्येक दशकं चर्चा चरबीभोवतीच फिरत राहिली, पेशी मागे पडल्या.

कोडं सुटायला लागलं ते १९७०च्या दशकात. गोल्डस्टीन आणि ब्राउन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी पेशीवरचा एलडीएल रिसेप्टर, म्हणजे एलडीएल आत घेणारा दरवाजा शोधला. पेशीला पुरेसं कोलेस्टेरॉल मिळालं की ती हे रिसेप्टर कमी करते, म्हणजे तिने फुगायलाच नको. शिवाय ज्यांच्यात जन्मतः हा रिसेप्टर नसतो, त्यांच्याही मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पांढऱ्या) पेशी चरबीने भरलेल्या असतात. मग चरबी आत जाते कुठून? १९७९ मध्ये त्यांनी दाखवलं, की साधं एलडीएल मॅक्रोफेज फारसं घेत नाही, पण रासायनिक बदल झालेलं एलडीएल ते वेगळ्या रिसेप्टरने अधाशासारखं ओढतं. आणि पोट भरलं तरी हा दरवाजा बंद होत नाही. सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. शरीरात हा बदल मुख्यतः ऑक्सिडेशनने होतो, हे पुढे डॅनियल स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणलं.

आता क्रम असा समजतो : रक्ताचा प्रवाह जिथे विस्कळीत होतो, म्हणजे धमनीला फाटे फुटतात तिथे, एलडीएल अस्तराखाली अडकतं आणि बदलतं. अस्तराच्या पेशी व्हीकॅम-१ नावाचं चिकट प्रथिन बाहेर काढतात. त्याला रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशी चिकटतात, आत शिरतात, मॅक्रोफेज होतात, चरबी खाऊन फेसाळ होतात. त्या मरतात आणि मेलेल्या वेळेवर उचलल्या गेल्या नाहीत, तर आत लगद्यासारखा गाभा साठतो. वरचं कोलॅजनचं (चिवट तंतूंच्या प्रथिनाचं) आवरण मॅक्रोफेजचीच विकरं (एन्झाइम) कुरतडतात, तर टी पेशी या दुसऱ्या प्रतिकार पेशींनी सोडलेल्या गॅमा इंटरफेरॉन या संदेशक प्रथिनामुळे नवं कोलॅजन कमी बनतं. ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ आवरण धोक्याचं मानलं जातं. ते फाटलं की वर गुठळी धरते. म्हणूनच धमनी निम्मीही अरुंद झालेली नसताना अटॅक येऊ शकतो.

दाह हे नुसतं लक्षण नसून कारण आहे, याचा माणसांतला ठोस पुरावा २०१७च्या कँटोस चाचणीने दिला. अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांत कॅनाकिनुमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधाने एलडीएल कमी न करता, १५० मिलिग्रॅमच्या डोसला, पुढचे अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटवले. जीवघेणे जंतुसंसर्ग मात्र थोडे वाढले. प्रतिकार पेशींना आवर घातला की ही किंमत येतेच. स्वस्त पर्याय म्हणून कोल्चिसिन हे गाउटवरचं जुनं औषध रोज ०.५ मिलिग्रॅम देऊन तपासलं गेलं. २०१९ आणि २०२०च्या मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला, पण अटॅकनंतर लगेच सुरू केलेल्या २०२४च्या चाचणीत दिसला नाही. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनची जागा ते घेत नाही.

दाह मोजायला एचएस-सीआरपी ही रक्ततपासणी आहे : लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत कमी धोका, ३च्या वर जास्त. पावसाळ्यात नाशिकला डेंग्यू-तापाची साथ असते, तेव्हा अंगात ताप असताना ती करू नये. आकडा १०च्या वर गेला तर तो बहुधा तापाचा किंवा संसर्गाचा असतो, बरं झाल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासावं. कोल्चिसिन चालू असेल, तर घशासाठी किंवा छातीसाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेण्याआधी डॉक्टरांना सांगावं. दोन्ही एकत्र घेतली तर कोल्चिसिन रक्तात साठून विषबाधा होऊ शकते, आणि किडनी कमजोर असलेल्यांत ती जिवावर बेतू शकते.