हेड्स-अप पोकरमध्ये थ्री-बेटसाठी पत्त्यांची निवड

टेबलावर दोनच खेळाडू असताना (हेड्स-अप) नो-लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे हातात दोन पत्ते आणि कितीही बेट लावायची मुभा असलेल्या पोकरमध्ये, फ्लॉपपूर्वी (पहिले तीन सामाईक पत्ते उघडण्याआधी) एकाने रेझ केला, म्हणजे बेट वाढवली, आणि दुसऱ्याने त्यावर पुन्हा रेझ केला, की त्याला थ्री-बेट म्हणतात. बिग ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधीच लावायची सक्तीची मोठी रक्कम; लहान ती स्मॉल ब्लाइंड) ही पहिली बेट, रेझ ही दुसरी आणि त्यावरचा रेझ ही तिसरी, असा हा हिशेब. कोणत्या पत्त्यांवर थ्री-बेट करायची, कोणत्यांवर नुसता कॉल (समोरच्याइतकीच रक्कम घालणे) आणि कोणते टाकून द्यायचे (फोल्ड), ही हेड्स-अपमधली फ्लॉपपूर्वीची सर्वांत अवघड निवड आहे. पत्ते किती भारी आहेत एवढ्यावरून ती ठरत नाही. हेच पत्ते कॉल करून खेळले तर जे हाती लागेल, त्याहून थ्री-बेटने जास्त मिळते का, हे पाहावे लागते.

हेड्स-अपमध्ये डीलरचे बटन (वाटणाऱ्याची खूण) आणि स्मॉल ब्लाइंड एकाच खेळाडूकडे असतात. फ्लॉपपूर्वी तो आधी बोलतो, फ्लॉपनंतर मात्र प्रत्येक फेरीत शेवटी. ही जागा इतकी फायद्याची असते की चांगला खेळाडू बटनवरून निम्म्याहून बऱ्याच जास्त पत्त्यांवर रेझ करतो. समोरची रेंज (तो ज्या पत्त्यांवर अशी खेळी करतो त्यांचा संच) एवढी सैल असल्यामुळे बिग ब्लाइंड लावणाऱ्यालाही नऊ जणांच्या टेबलाच्या मानाने बऱ्याच जास्त वेळा थ्री-बेट करता येते. अडचण एकच. थ्री-बेटला कॉल मिळाला की मोठा पॉट (मधोमध जमलेली रक्कम) आधी बोलण्याच्या जागेवरून खेळावा लागतो. थ्री-बेटची रक्कम मूळ रेझच्या साधारण चौपट ठेवतात, ती याच कारणाने.

समजा बटनने २.५ बिग ब्लाइंडचा रेझ केला. आपल्या १ सह पॉट ३.५ झाला. कॉल करायला आणखी १.५ लागतात, म्हणजे ५ च्या पॉटमध्ये ३० टक्के वाटा निघाला तरी कॉल परवडतो. थ्री-बेट १० पर्यंत नेली तर ३.५ मिळवण्यासाठी नवे ९ घालावे लागतात. पत्त्यांना शून्य किंमत धरली, तर समोरच्याने ७२ टक्के वेळा फोल्ड करायला हवे. इतके फोल्ड कोणताही बरा खेळाडू करत नाही. त्यामुळे कॉल झाल्यावरही ज्यांच्यात काही दम उरतो, असेच पत्ते ब्लफसाठी निवडावे लागतात. सत्ती-दुर्री ऑफसूट (बदाम-इस्पिक अशा वेगवेगळ्या प्रकारांचे) उचलून थ्री-बेट करणे धाडसाचे दिसते, पण हिशेबात ते तोट्याचेच असते.

भारी पत्त्यांबाबत फारसा वाद नाही. दश्शीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, राजा-राणी सूटेड (एकाच प्रकारचे, जसे दोन्ही बदाम) यांना पॉट मोठाच हवा असतो. खरी चूक मधल्या पत्त्यांत होते. राणी-दश्शी ऑफसूट किंवा एक्का-अठ्ठी ऑफसूट घेऊन थ्री-बेट केली, की यांच्याहून कमकुवत बरेच पत्ते पळतात आणि यांना दाबून ठेवणारे बरेचसे थांबतात. कॉल केला असता तर तेच कमकुवत पत्ते पॉटमध्ये राहिले असते. असे पत्ते ‘कॉल करण्याइतके चांगले’ असतात, आणि माझ्या मते तेवढेच त्यांच्याकडून मागावे.

ब्लफसाठी म्हणून सीमेवरचे पत्ते पाहतात, म्हणजे कॉल करून जेमतेम परवडणारे किंवा थोडक्यात न परवडणारे: राजा-पंजी ऑफसूट, गुलाम-चव्वी सूटेड आणि त्यांच्यासारखे. यांचा कॉल सोडून दिल्याने विशेष नुकसान होत नाही. इथे ब्लॉकरचा, म्हणजे समोरच्याला मिळू शकणारे भारी पत्ते अडवणाऱ्या आपल्या पत्त्याचा, विचार येतो. समोरचा एक्का, राजा व राणीच्या जोड्या आणि एक्का-राजा एवढ्यांवर फोर-बेट (थ्री-बेटवर पुन्हा रेझ) करतो असे धरू. तीन जोड्यांचे प्रत्येकी ६ आणि एक्का-राजाचे १६, असे मिळून ३४ कॉम्बो (दोन पत्त्यांच्या वेगवेगळ्या जुळण्या) होतात. आपल्या हातात बदामचा एक्का आणि बदामची पंजी असेल तर एक्क्यांच्या जोडीचे ६ चे ३ उरतात, एक्का-राजाचे १६ चे १२, आणि एकूण २७. सत्ती-छक्की घेऊन बसलो असतो तर ३४ चे ३४ तसेच राहिले असते. एक्का-पंजी सूटेडवर कॉलही चांगलाच चालतो, तरी ती थ्री-बेटच्या रेंजमध्ये सतत दिसते. एक पत्ता वाट अडवतो, आणि कॉल झालाच तर फ्लश (एकाच प्रकारचे पाच पत्ते) व स्ट्रेटची (ओळीने पाच पत्ते) आशा राहते.

कॉम्बो मोजायची सवय मात्र लावून घ्यावीच लागते. ५२ पत्त्यांतून दोन-दोनचे १३२६ कॉम्बो निघतात. त्यांत कोणत्याही जोडीचे ६, सूटेडचे ४ आणि ऑफसूटचे तब्बल १२. वर सांगितलेल्या भारी पत्त्यांत जोड्यांचे ३०, एक्का-राजा व एक्का-राणीचे ३२ आणि राजा-राणी सूटेडचे ४, म्हणजे अवघे ६६ कॉम्बो आहेत. ‘राजा आणि कोणताही छोटा पत्ता, ऑफसूट’ असा नियम करून दुर्रीपासून नव्वीपर्यंत सगळे ब्लफमध्ये घेतले, तर एका फटक्यात ९६ कॉम्बो आत येतात. कागदावरच्या रेंजच्या तक्त्यात आठच चौकोन रंगवलेले असतात, पण ब्लफ भारी पत्त्यांच्या दीडपट झालेले असतात. म्हणून ऑफसूट पत्ते थ्री-बेटमध्ये घेताना हात आखडता ठेवावा.

समोरचा कसा खेळतो यावर रेंजचा आकारच बदलतो. तो थ्री-बेटला फोल्डच करत नसेल तर ब्लफ काढून टाकून वरून खाली सलग रेंज धरावी: भारी पत्त्यांना लागूनच एक्का-गुलाम, राजा-गुलाम सूटेड, नव्वीची जोडी. याला लिनिअर रेंज म्हणतात. तो कॉल क्वचित करत असेल आणि एकतर फोर-बेट करत असेल किंवा फोल्ड, तर उलटे. वरचे पत्ते आणि सीमेवरचे ब्लफ घ्यावेत, मधले कॉलमध्ये ठेवावेत. राजा-गुलाम सूटेडसारखे देखणे पत्ते फोर-बेटमुळे टाकावे लागणे हे अशा खेळाडूसमोर फार महागात पडते. ही पोलराइज्ड रेंज.

संगणकांनी या प्रश्नाला नवी खोली दिली. अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस या प्रोग्रॅमने २०१५ मध्ये हेड्स-अप लिमिट होल्डेम (बेटची रक्कम ठरलेला प्रकार) जवळपास पूर्ण सोडवले. कार्नेगी मेलनच्या लिब्रेटसने जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांच्या नो-लिमिट सामन्यात हरवले. अशा प्रोग्रॅमच्या खेळात एकच हँड (हातातले तेच दोन पत्ते) कधी कॉल तर कधी रेझ होतो, आणि त्यांचे प्रमाण ठरलेले असते. प्रत्येक पत्त्याला एकच कायमचे उत्तर असते ही समजूत त्यामुळे मोडली, आणि हे मला त्यांचे सर्वांत मोलाचे देणे वाटते. कॉल करणाऱ्या रेंजमध्येही अधूनमधून भारी पत्ते लपलेले असले, तर समोरच्याला फ्लॉपवर निर्धास्त बेट लावता येत नाही.

स्टॅकच्या (खेळाडूजवळच्या चिप्सच्या) खोलीचा परिणाम थेट असतो. १०० बिग ब्लाइंडच्या स्टॅकवर २.५ ला कॉल केला तर पॉट ५ होतो आणि मागे त्याच्या १९.५ पट चिप्स उरतात. १० च्या थ्री-बेटला कॉल झाला तर पॉट २० आणि मागे जेमतेम साडेचार पट. इतक्या उथळ पॉटमध्ये मोठ्या पत्त्याची एक जोडीही पुरेशी ठरते, म्हणून एक्का-राणीसारख्यांचे मोल वाढते. छोट्या जोड्यांचे तसे नाही. फ्लॉपवर सेट (हातातल्या जोडीला तसाच तिसरा पत्ता) साधारण साडेआठ वेळांतून एकदाच लागतो, आणि तो लागल्यावर जिंकायला मागे खोल स्टॅक लागतो. कॉलच त्यांना मानवतो. स्टॅक १०-१२ बिग ब्लाइंडवर आला की चित्र फिरते. तिथे थ्री-बेट म्हणजे बहुधा थेट ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणे). पुढे खेळायला काही उरत नसल्याने छोट्या जोड्या आणि एक्का-छोटा ऑफसूट हे पत्ते ऑल-इनला चांगले, तर नव्वी-अठ्ठी सूटेड स्वस्तात फ्लॉप पाहायला.